सोबतीचा खर्च आरोग्याच्या खात्यात मांडा

कोल्हापुरात कुठल्याही पेठेतून चालत निघालं की दोन-चार गल्ल्यांमागे सिमेंटचं एक बाकडं लागतंच. पाठीवर रंगवलेलं असतं, अमुक यांच्या फंडातून किंवा तमुक यांच्या स्मरणार्थ. सकाळी त्यावर एकच पेपर पानं वाटून घेऊन वाचणारे तिघं-चौघं असतात, दुपारी शाळेच्या रिक्षाची वाट बघणारी आजी, रात्री जेवणं झाल्यावर पोरांचा घोळका. रस्ता रुंद करायचा झाला किंवा गाड्या लावायला जागा हवी झाली की सगळ्यात आधी हे बाकडं उचललं जातं, कारण ते शोभेचं समजलं जातं. माझं म्हणणं असं की बाकड्यावरचा खर्च आरोग्याच्या खात्यात मांडायला हवा आणि रक्तदाबाच्या गोळ्यांवरच्या खर्चाइतकाच जपायला हवा. माणसं एकमेकांजवळ बसून जे बोलतात, ऐकतात, हसतात, त्याने मेंदू घडतो आणि टिकतो. त्याचे पुरावे आता इतके जमले आहेत की ‘नाती जपा’ असं भिंतीवर लिहून भागणार नाही. त्या पुराव्यांतून जी कामं निघतात ती महापालिकेची, कारखान्यांची आणि सरकारची आहेत.

आधी बाळांचं बघू. डिसेंबर १९८९ मध्ये रुमानियात हुकूमशहा चाउशेस्कूची राजवट कोसळली आणि तिथल्या सरकारी अनाथालयांतली हजारो मुलं जगाला दिसली. त्यांना खायला मिळत होतं, अंगावर कपडे होते, निजायला पाळणे होते. उचलून घेणारं, डोळ्यांत बघून बोलणारं, आपलं असं एक माणूस नव्हतं. सांभाळणाऱ्या बायका थोड्या, मुलं फार, आणि पाळी बदलली की बाई बदलायची. २००० साली चार्ल्स नेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या राजधानीत, बुखारेस्टमध्ये, अशा १३६ मुलांचा अभ्यास सुरू केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून निम्मी मुलं सांभाळायला तयार असलेल्या कुटुंबांत ठेवली. बाकीची संस्थेत राहिली. पुढे त्यांना घर मिळालं तर आडकाठी करायची नाही, असं मात्र आधीच ठरलं होतं. काही वर्षांनी मेंदूचे आलेख आणि स्कॅन काढले, तेव्हा संस्थेत वाढलेल्या मुलांच्या मेंदूतली विद्युत हालचाल क्षीण होती, करड्या भागाची वाढ कमी होती. जी मुलं दोन वर्षांची व्हायच्या आत घरात गेली, त्यांचे आलेख आठव्या वर्षी अनाथालय कधीच न पाहिलेल्या मुलांसारखे दिसू लागले होते. उशिरा गेलेल्यांना ती मजल गाठता आली नाही.

चिठ्ठीचा उल्लेख मी मुद्दाम केला. एकाकी माणसं जास्त आजारी पडतात असं म्हटलं की कुणीही विचारेल, आजारी असतात म्हणूनच ती एकाकी पडत नसतील कशावरून? मोठ्या माणसांवरच्या पुष्कळ अभ्यासांत ही शंका पुरती फिटत नाही, आणि ती बाळगलेली बरी. बुखारेस्टमध्ये ती फिटली. कुठलं मूल घरात जाणार हे नशिबाने ठरलं होतं. फरक पडला तो माणसांच्या सहवासाने.

जन्मानंतरच्या पहिल्या काही वर्षांत मेंदूत दर सेकंदाला दहा लाखांहून जास्त नव्या जोडण्या तयार होतात, असं हार्वर्डचं बालविकास केंद्र सांगतं. त्यांतल्या ज्या वापरात येतात त्या पक्क्या होतात, उरलेल्या छाटल्या जातात. बाळ हुंकार देतं, समोरचं माणूस ‘काय रे सोन्या?’ म्हणतं, बाळ पुन्हा हुंकार देतं. वापर म्हणतात तो हाच. यात उत्तर देणारं जिवंत माणूस लागतं. पॅट्रिशिया कूल यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी चिनी मंदारिन बोलणाऱ्या व्यक्ती बारा बैठका खेळल्या, गोष्टी वाचल्या. बाळांच्या कानांनी त्या परक्या भाषेतले बारीक ध्वनिभेद टिपले. दुसऱ्या गटाला त्याच व्यक्ती, तीच पुस्तकं, तेवढाच वेळ, पण टीव्हीच्या पडद्यावर दाखवल्या. त्या बाळांना काहीच आलं नाही.

हे वाचून कुणी बाळासमोर मोबाइल ठेवणाऱ्या आयांना नावं ठेवू नयेत. नळाला पाणी सुटलंय, गॅसवर दूध आहे, मोठ्याची शाळेची रिक्षा दारात आली आहे आणि घरात दुसरं माणूस नाही. त्या दहा मिनिटांत मोबाइलने बाळाला धरून ठेवलं तर त्यात तिचा काय गुन्हा? प्रश्न असा आहे की तिच्या आसपास बाळाला घेणारे आणखी चार हात का उरले नाहीत, आणि ते पुरवणं कुणाचं काम आहे.

ते काम करू शकणारी एक बाई आपल्याकडे प्रत्येक वस्तीत आधीच आहे. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली आणि तिच्यातून अंगणवाडी आली. पण तिची रचना पाहा. तीन ते सहा वर्षांची मुलं अंगणवाडीत येऊन बसतात, गाणी म्हणतात. तीन वर्षांच्या आतल्या बाळाच्या वाट्याला मुख्यतः घरी न्यायचा आहार, लसीकरणाची आठवण आणि वजनकाटा येतो. मेंदू सर्वांत वेगाने घडतो त्या वर्षांत आपण पाकीट देतो. सेविकेने घरभेट द्यावी असं कागदावर आहे; तिच्या दिवसाचा मोठा भाग मात्र नोंदींत आणि पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर माहिती भरण्यात जातो. बाळाचं वजन किती भरलं ते तिला विचारलं जातं. आज त्याच्याशी कोण किती बोललं, हे कुणी विचारत नाही.

जमैकात १९८० च्या दशकात सॅली ग्रँथम-मॅक्ग्रेगर यांनी किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतल्या, वाढ खुंटलेल्या १२९ बाळांवर एक काम केलं. त्यांतल्या काहींच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षं दर आठवड्याला तासभर जायची. घरातल्याच डबे-चिंध्यांची खेळणी करायची, आईला बाळाशी कसं खेळायचं, कसं बोलायचं ते दाखवायची. एवढंच. वीस वर्षांनी पाहिलं तर ती मुलं, भेट न मिळालेल्या मुलांपेक्षा सरासरी २५ टक्के जास्त कमावत होती. त्यासाठी इमारत लागली नाही, महागडं यंत्र लागलं नाही. एका बाईचा आठवड्यातला एक तास लागला. आपल्या सेविकेला तो तास मोकळा करून द्या आणि त्याचे वेगळे पैसे द्या, ही माझी पहिली मागणी आहे.

मोठेपणीही मेंदू माणसांवर टेकून चालतो. जेम्स कोन यांनी २००६ साली सोळा विवाहित स्त्रियांना स्कॅनरमध्ये निजवलं आणि अधूनमधून घोट्याला विजेचा सौम्य झटका बसेल, असा इशारा द्यायला सुरुवात केली. एकटीने वाट बघताना मेंदूतली धोक्याची यंत्रणा जोरात पेटायची. अनोळखी माणसाने हात धरला की ती थोडी शांत व्हायची, नवऱ्याने धरला की बरीच. आणि ज्यांचं नवऱ्याशी चांगलं जमत होतं त्यांच्यात हा परिणाम सगळ्यात जास्त होता. झटका तोच, बाई तीच. सोबत आहे म्हटल्यावर मेंदू पहारा ढिला करतो. ज्याला कुणी नाही त्याचा पहारा रात्रंदिवस चालू राहतो. ताणाच्या संप्रेरकाची, कॉर्टिसॉलची, पातळी चढी राहते, झोप उथळ होते, आणि आठवणी साठवणाऱ्या हिपोकॅम्पसला त्याची झळ लागते.

याच प्रयोगात एक काटा आहे आणि आपल्याकडच्या चर्चेत तो नेहमी सुटतो. हात कुणाचा आहे याने फरक पडतो. जेनिस कीकोल्ट-ग्लेझर यांनी २००५ साली ४२ जोडप्यांच्या हातावर मुद्दाम छोटे फोड आणले आणि ते किती दिवसांत भरतात ते पाहिलं. एकमेकांशी तुटक, खुनशी बोलणाऱ्या जोडप्यांच्या जखमा इतरांच्या वेगाच्या साधारण ६० टक्केच वेगाने भरल्या. वाईट नातं कातडीपर्यंत पोचतं.

म्हणून ‘एकत्र कुटुंब मोडलं आणि सगळं बिघडलं’ हे व्याख्यानमालांतलं आवडतं वाक्य मला पटत नाही. सोळा माणसांच्या वाड्यात ज्या सुनेला मनातलं सांगायला एकही माणूस नव्हतं, ती त्या सोळांत एकटीच होती. सासूच्या पावलांची चाहूल लागली की जिच्या छातीत धस्स होतं, तिच्या मेंदूला घरातली गर्दी कसली सोबत देणार? मोजायचं ते घरातली डोकी धरून नव्हे. रात्री दोन वाजता कुणाला फोन करता येईल, कुणापुढे रडता येईल, कुणाशी भांडून पुन्हा बोलता येईल, याने मोजायचं. जुन्या घराकडे परत जा हा उपाय नाही, आणि तो सांगणारे बहुतेक पुरुष असतात हेही लक्षात ठेवावं.

माणसांच्या अख्ख्या आयुष्याचा मागोवा घेणारा हार्वर्डचा प्रसिद्ध अभ्यास १९३८ पासून चालू आहे. त्यातले मूळचे ७२४ जण सगळे पुरुष, सगळे अमेरिकन. त्यामुळे तो जसाच्या तसा उचलून आपल्याला लावू नये. तरी त्यातला एक निष्कर्ष विसरता येत नाही. ऐंशीव्या वर्षी कोण धडधाकट असेल याचा अंदाज पन्नासाव्या वर्षीच्या कोलेस्टेरॉलपेक्षा त्या वयातल्या नात्यांतल्या समाधानावरून जास्त चांगला आला, असं त्याचे संचालक रॉबर्ट वॉल्डिंगर सांगतात. ज्युलियन होल्ट-लुन्स्टाड यांनी २०१० साली १४८ अभ्यास एकत्र केले, त्यांत तीन लाखांवर माणसं होती. घट्ट नाती असलेल्यांच्या जगण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त निघाली. जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२५ मध्ये याच विषयावर अहवाल काढला. जगात दर सहांतला एक माणूस एकाकीपणाने ग्रासलेला आहे आणि त्यापायी वर्षाला अंदाजे ८ लाख ७१ हजार मृत्यू होतात, असं त्यात म्हटलं आहे. हिवताप किंवा क्षयाचे असे आकडे आले तर त्यावर योजना निघते. यावर आपल्याकडे फार तर व्याख्यान होतं.

म्हाताऱ्या माणसांबाबत एक गोष्ट मला विशेष जाणवते. बाकड्यावरच्या कंपूत एक जण असा असतो जो बाकीचे हसल्यावर क्षणभराने हसतो. विचारलेलं पुन्हा विचारतो. मग विचारायचं सोडतो, नुसती मान हलवतो. दोन-तीन महिन्यांनी तो टोकाला बसू लागतो, आणि एक दिवस यायचा बंद होतो. लोक म्हणतात, तात्या हल्ली तुसडे झालेत. तात्यांना ऐकू येत नसतं. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाची टाळता येण्यासारखी चौदा कारणं दिली आहेत. त्यांवर काम केलं तर जवळपास ४५ टक्के रुग्णांचा आजार टाळता किंवा पुढे ढकलता येईल, असा अंदाज आहे. त्या यादीत बहिरेपण आहे आणि एकटेपणही आहे, आणि पहिलं दुसऱ्याकडे घेऊन जातं. भारतात साठीच्या वरच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के आढळलं आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं.

राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्टीच्या वरच्या गरजूंना ऐकण्याच्या यंत्रासारख्या साधनांसाठी एकदा ३ हजार रुपये मिळतात. पैसे खात्यावर आले, यंत्र घेतलं, कानात खरखर झाली, यंत्र कपाटात गेलं, असं होतं. यंत्र कानाला जुळवून द्यावं लागतं, पुन्हा पुन्हा बघावं लागतं, घरच्यांना समोर येऊन सावकाश बोलायला शिकवावं लागतं. महापालिकेच्या प्रत्येक दवाखान्यात महिन्यातला एक दिवस कानांसाठी ठेवला, तर कितीतरी तात्या आपापल्या बाकड्यावर परत येतील.

आता तालमींबद्दल सविस्तर बोललं पाहिजे, कारण या बाबतीत कोल्हापूरकडे जे आहे ते फार थोड्या शहरांकडे आहे. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, खासबागचं मैदान १९१२ मध्ये उभं राहिलं, आणि पेठापेठांतल्या तालमी लाल मातीबरोबर माणसंही धरून राहिल्या. तालमीत पहाटे वस्ताद येतो, बारा वर्षांचं पोर येतं आणि साठीचा जुना मल्लही येतो. गणपती तिथेच बसतो. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमींचे फुटबॉल संघ शाहू स्टेडियमवर उतरले की अख्ख्या पेठेचा श्वास अडकतो. रात्री दीड वाजता दवाखान्यात रक्त लागलं तर पहिला फोन तालमीत जातो. महापुरात लोकांना बाहेर काढायला आणि जेवणं शिजवायला हीच पोरं पुढे असतात. गंगावेशीत रात्री म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला उभी राहणारी माणसंही याच विणीतली. नुसता जिवलग मित्र असून भागत नाही. वरच्या वयाचा, खालच्या वयाचा, नावापुरता ओळखीचा, रोज फक्त ‘काय, जेवलासा काय?’ एवढंच विचारणारा, अशी निरनिराळी माणसं मेंदूला लागतात. शेल्डन कोहेन यांनी १९९७ साली २७६ निरोगी माणसांच्या नाकात सर्दीचे विषाणू सोडले. ज्यांचे संबंध जास्त तऱ्हांचे होते, ते कमी आजारी पडले. तालीम अशा तऱ्हा एका छताखाली आणते.

पण कुणाला? मी मंगळवार पेठेत वाढले. तालमीच्या दारावरून किती वेळा गेले असेन त्याला गणती नाही. आत जायचं माझ्या मनातही कधी आलं नाही. कट्टा भावाचा, तालीम भावाची, स्टेडियम भावाचं. बायकांची बैठक व्हायची ती कामाच्या निमित्ताने: नळावर, दळणाच्या रांगेत, भिशीत, भजनी मंडळात, अलीकडे बचत गटात. कारण संपलं की उठायचं. रात्री नऊनंतर रंकाळ्याच्या काठावर नुसत्या गप्पा मारत बसलेल्या पन्नाशीच्या चार बायका दिसतात का, हे एकदा जाऊन बघा. ज्या तालमींच्या इमारतींना आमदार-खासदारांचा किंवा महापालिकेचा निधी लागला आहे, त्यांनी दुपारचे दोन-तीन तास बायकांसाठी आणि संध्याकाळचा एखादा तास घरात अडकलेल्या म्हाताऱ्यांसाठी उघडे ठेवावेत. निधी देताना तशी अट घालावी. तालमीचं पावित्र्य याने कमी होणार नाही. लाल मातीत आता मुलीही उतरतात, आणि ते कोल्हापूरने अभिमानाने स्वीकारलं आहे.

घट्ट गटाची दुसरी बाजूही बघायला हवी. आपल्या माणसांत बसून परक्या माणसाबद्दलची भीती वाढवता येते. जून २०२३ मध्ये मोबाइलवरच्या स्टेटसवरून या शहरात बंद झाला, दगडफेक झाली, इंटरनेट तोडावं लागलं. ती पोरं एकटी नव्हती, त्यांचेही ग्रुप होते. थॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी २००६ साली ५१५ अभ्यास तपासले आणि दिसलं असं की निरनिराळ्या गटांतली माणसं प्रत्यक्ष एकत्र आली की बहुतेक ठिकाणी पूर्वग्रह उतरतो. एकत्र काही काम असेल तर आणखी उतरतो. बाबूजमाल तालमीत मोहरमचे पंजेही बसतात आणि गणपतीही. दोन्हीकडची तयारी करताना एकाच शिडीवर चढलेल्या पोरांना स्टेटस बघून दगड उचलणं जड जातं, असा माझा विश्वास आहे. असे प्रसंग जपणं हे पोलीस बंदोबस्ताहून स्वस्त आहे.

पुराचा विषय यातच येतो. २०१९ आणि २०२१ चे महापूर आपण पाहिले. प्रत्येक पुरानंतर पुनर्वसनाची चर्चा होते, आणि ती चौरस फुटांत होते. जपानमध्ये इवानुमा या गावातल्या पासष्टीच्या वरच्या लोकांचा अभ्यास मार्च २०११ च्या त्सुनामीच्या काही महिने आधीच झालेला होता. तो पुढे चालू ठेवल्यावर दिसलं की ज्यांचं घर गेलं त्यांची स्मरणशक्ती आणि विचारशक्ती जास्त ढासळली, आणि शेजारी-मित्रांशी भेटणं तुटलं हे त्यामागचं एक कारण होतं. ज्यांना तात्पुरती घरं सोडतीने एकेकट्याला मिळाली त्यांचं येणंजाणं घटलं. जी वस्ती एकगठ्ठा हलवली तिचं टिकलं. पंचगंगेकाठची घरं हलवायची वेळ येईल तेव्हा चिठ्ठ्या टाकून प्लॉट वाटू नका. गल्ली तशीच्या तशी उचला. जिच्या दारात जिचं रोजचं जाणं आहे ते दार नव्या जागीही समोर यायला हवं. यासाठी जादा पैसे लागत नाहीत, नकाशा करताना लोकांना समोर बसवावं लागतं.

लोकांनी एकमेकांशी बोलावं की नाही यात सरकारने कशाला पडायचं, असं विचारणारे भेटतात. मैत्री करून देणं हे सरकारचं काम नाहीच. पण भेटायची जागा ठेवणं किंवा काढून टाकणं हे सरकार रोज करतं. फुटपाथ गेला की वयस्कर बाईचं संध्याकाळचं फिरणं गेलं. उपनगरांत मोठा ले-आउट मंजूर होताना दहा टक्के खुली जागा सोडावी लागते. तिथे आज अनेक ठिकाणी तारेचं कुंपण आणि कुलूप आहे. त्या कुलपाची किल्ली कुणाकडे आहे हे रहिवाशांनाच माहीत नसतं. महापालिकेच्या शाळांचे वर्ग संध्याकाळी सहानंतर बंद पडून असतात. १८५० पासून चालत आलेल्या करवीर नगर वाचन मंदिरासारखी बसायची जागा नव्या वसाहतींत कुठे आहे? तिजोरीत पैसा नाही ही अडचण खरी आहे, तरी कुलूप काढायला पैसे लागत नाहीत.

सगळ्यात तातडीची गोष्ट शेवटी सांगते. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीड आणि मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या या जिल्ह्यात येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे अंधारात फड गाठायचा, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. तान्हं बाळ बांधावर, पाचटाच्या सावलीत, साडीच्या झोळीत. शेजारी त्याची सहा-सात वर्षांची बहीण. आई हाकेच्या अंतरावर असते, पण तिला बसायची फुरसत नसते. हंगाम चार-पाच महिन्यांचा. पहिल्या दोन वर्षांत असे दोन हंगाम गेले तर त्या बाळाला हुंकाराला उत्तर किती वेळा मिळालं असेल? त्या आईची माया कुणाहून कमी नाही. तिचा वेळ आपण साखरेसाठी घेतला आहे.

घरापासून लांब असलेल्या मुलाला शाळेबरोबर सांभाळणारं घर लागतं, हे याच गावाने महाराष्ट्राला दाखवलं. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं, पुढे जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी वसतिगृहं झाली. आज ऊसतोड कामगारांच्या शाळकरी मुलांसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाची सरकारी वसतिगृह योजना आहे, ती चांगली आहे. तान्ह्या बाळाला वसतिगृह चालत नाही. त्याला आईजवळच, फडाजवळच दुसरं माणूस द्यावं लागेल. प्रत्येक टोळीतल्या एका बाईला कोयत्याइतकीच मजुरी देऊन तीन वर्षांखालच्या बाळांजवळ बसवायचं, सावलीला एक तंबू आणि पाण्याचं पिंप द्यायचं, जवळच्या अंगणवाडीच्या सेविकेने आठवड्याला एकदा येऊन खेळायचं-बोलायचं दाखवायचं. कोणत्या टोळीत किती कोयते आहेत याची नोंद कारखान्याकडे असतेच. तिच्यात बाळांचा एक रकाना वाढवावा लागेल. सहकारी कारखान्यांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होतात आणि गाळप त्यानंतर सुरू होतं. दराची मागणी करायला उभा राहणारा सभासद हा ठरावही त्याच सभेत मांडू शकतो.